हात धुऊन परत एकदा

माझ्या डाव्या कानासमोरच्या हाडावर एक घट्टा आहे. तुरीच्या दाण्याएवढा. न्हावी दर वेळी विचारतो, "आप्पा, हे काय झालंय?" आणि मी दर वेळी त्याला नवीन थाप मारतो. खरं कारण एवढंच की चौतीस वर्षं मी लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ तिथे टेकवून डिझेल गाड्यांचे पंप ऐकले. टोक पंपाच्या अंगावर, मूठ कानाशी आणि डोळे मिटलेले. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसंच ते. फरक असा की डॉक्टरचा शर्ट पेशंटच्या पंख्यात अडकत नाही. माझे तीन शर्ट आणि साडूच्या लग्नात मिळालेला एक टॉवेल असे गेले.

शिरूरला जुन्या नगर रस्त्याला माझं पंप दुरुस्तीचं दुकान होतं. पेट्रोल पंप नव्हे. हे आधीच स्पष्ट करतो, कारण आमच्या लग्नात मध्यस्थानं मुलीकडे "मुलाचं पंपाचं काम आहे" एवढंच सांगून जीभ आवरली होती. सासरेबुवांनी हौसेनं होकार दिला. लग्नानंतर आमची शकुंतला दुकान बघायला आली, तर तिचा नवरा पत्र्याच्या ट्रेसमोर उकिडवा बसून रॉकेलात पंपाचे सुटे भाग धूत होता. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "पंप कुठाय?" मी ट्रेमध्ये हात घालून तो काढून दाखवला. ती त्यावर जे हसली, ते आजतागायत पुरतंय.

आता पंप म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. पंगतीत तूप वाढणारा असतो ना, तसा हा डिझेल गाडीचा पंप. चार सिलिंडर म्हणजे पानावर बसलेले चार पाहुणे. ज्याच्या भातावर वरण पडलं त्याच्यापुढे त्याच क्षणी मोजून धार सोडायची आणि पुढच्या पानाकडे सरकायचं. वाढपी लवकर आला, उशिरा आला, एकाला जास्त अन् एकाला कमी वाढलं, की पंगतीत गलका उठतो. गाडीत तो गलका खडखड म्हणून ऐकू येतो. शिवाय आमच्या भागातल्या जुन्या गाड्यांत ह्या वाढप्याला वंगणाचं वेगळं तेल मिळायचं नाही. जे डिझेल वाढायचं, त्यातच त्याचे सांधे भिजायचे. म्हणून डिझेलमध्ये कुणी रॉकेल मिसळलं की पंप कोरडा पडून ओरडायचा. नळीतून कुठे हवा आत शिरली तरीही ओरडायचा. हे दोन आवाज म्हणजे सख्खे भाऊ, अंधारात ओळखू न येणारे. ओळखायला रीत लागते, नुसता कान पुरत नाही.

ती रीत मी फजितीतून शिकलो. केडगावचे एक मास्तर होते. त्यांची जुनी जीप खडखडायची. मी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले आणि सांगितलं, "मास्तर, पंप." पंप उतरवला, केला, बसवला. आवाज होता तसाच. परत उतरवला, परत बसवला. आवाज जास्तच ठणठणीत. तिसऱ्यांदा मास्तर आले ते मास्तरीणबाईंना घेऊन. मी इंजिन चालू करून डोळे मिटले, एवढ्यात आवाज गपकन थांबला. डोळे उघडले तर बाई पुढच्या सीटवर शांत बसलेल्या. म्हणाल्या, "ह्यांच्या जॅकची दांडी हाय हितं पायाखाली. मी दाबून धरलीय. सोडू का परत?"

त्यानंतर मी रीत धरली. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका पाइपचा नट सैल करायचा, म्हणजे एकेक पाहुणा पानावरून उठवायचा. कुणाला उठवल्यावर गलका थांबला, की दोष त्याच्या बाजूचा. कुणाला उठवून काही फरक पडला नाही, तर पंपाला टाकीपासून तोडायचं, डिझेलचा छोटा कॅन बॉनेटला उंच टांगायचा आणि नळीनं थेट पंपाला द्यायचा. ह्याला आम्ही सलाईन म्हणायचो. आधी दुकानातल्या चांगल्या डिझेलचं सलाईन, मग त्याच कॅनमध्ये गाडीच्या टाकीतलं डिझेल भरून त्याचं. दोन्हीवर पंप गप्प राहिला, तर पंपही निर्दोष आणि डिझेलही. मग राहिली फक्त हवा, ती नळीत शोधायची. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. एवढं केलं की कुणावर उगाच आळ येत नाही.

मास्तरांच्या जीपची गोष्ट मी शेजारच्या चहाच्या हॉटेलात इतक्यांदा सांगितली की शेवटी शेवटी माणसं बाईंचं वाक्य माझ्याआधी म्हणायची. स्वतःचं हसं स्वतःच केलं की गिऱ्हाईक सैलावतं, हे मला लवकर कळलं होतं. "आप्पा चुकतो, पण सांगतो," असं माझं नाव झालं. ह्या दिवाळी अंकाच्या संपादकांनीही त्याच नावावर माझ्याकडे 'गमतीदार अनुभव' मागितले. पण ज्या फजित्यांत नुकसान फक्त माझं झालं, तेवढ्याच मी सांगत आलो. एक कधी सांगितली नाही.

रमेश साळवे खुटबावचा. दौंडच्या बाजूला केडगावजवळ बापू म्हणून एक फुलांचे बागायतदार होते, त्यांच्या टेम्पोवर तो ड्रायव्हर होता. शेवंती, झेंडू भरून रोज पहाटेच्या आत पुण्याच्या फुलबाजारात पोचायचं. बापूंची सासुरवाडी शिरूरची. त्यामुळे टेम्पोचा पंप माझ्याकडेच यायचा, पाहुणचार आणि दुरुस्ती एका फेरीत व्हायची. रमेश तेव्हा चाळिशीचा असेल. अंगानं बारीक, बोलणं कमी. टेम्पोची निगा मात्र अशी ठेवायचा की टाकीच्या तोंडाला त्यानं स्वतः बारीक जाळी बसवून घेतली होती, डिझेलबरोबर कचरा जाऊ नये म्हणून. मी त्याला विचारलं होतं, "गाडी बापूची, जाळी तुझी?" तर म्हणाला, "चालवतो मी न्हवं का आप्पा."

बारा-तेरा वर्षांपूर्वीचा श्रावण. त्या टेम्पोचा पंप मी पूर्ण खोलून केला. काम चांगलं झालं होतं, हे आजही सांगतो. बसवताना फिल्टरच्या बोल्टला लागणारं तांब्याचं वायसर दुकानात संपलेलं निघालं. वायसर म्हणजे दोन धातूंच्या मध्ये फट राहू नये म्हणून घालायची चपटी कडी. नियम असा की काढलं की नवीन घालायचं. पण आम्ही मिस्त्री लोक जुनंच चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवतो, पाण्यात टाकतो, तांबं मऊ पडतं आणि परत चालतं. दहातल्या नऊ वेळा चालतं. मी तापवलं, घातलं आणि विसरलो.

दसऱ्याच्या आधी, झेंडूच्या ऐन घाईत, टेम्पो परत आला. ह्या खेपेला रमेशबरोबर स्वतः बापू. शेजारच्या हॉटेलात दहा-बारा माणसं चहा पीत होती, बहुतेक ड्रायव्हर आणि ट्रॅक्टरवाले. बापू उतरता उतरताच म्हणाले, "आप्पा, पंप केला का पिपाणी केली? चौफुल्यापासनं लोक मागं वळून बघत्यात."

काम केलेला पंप दोन महिन्यांत ओरडत परत आला, की मिस्त्री आधी स्वतःचं नाव वाचवायला बघतो. त्या वेळी तो खरं कारण शोधत नसतो. ज्याच्या गळ्यात घालता येईल असं कारण शोधत असतो. मी ट्रेमधलं काम तसंच टाकून उठलो, फडक्याला हात पुसले आणि बॉनेट उघडलं.

रमेश जवळ येऊन म्हणाला, "आप्पा, चढाला लई खडखडतंय. आन् सकाळी पयल्या झटक्यात चालू व्हत न्हाई. मला वाटतं, हवा घेतीय कुठंतरी."

"असं कर," मी म्हटलं, "उद्यापासनं दुकान तू चालव, टेम्पो मी चालवतो. फुलं काय, बोलत नसत्यात."

हॉटेलातून हसू आलं. ते हसू कानावर पडलं की मला चढायची. मग मी रीत सोडली आणि नाटक धरलं. नट सैल केले नाहीत, सलाईन लावलं नाही. फिल्टरखालचा बोल्ट जरा ढिला केला, दोन थेंब बोटावर घेतले, अंगठ्यानं चोळले आणि नाकाशी धरून डोळे मिटले. हॉटेल गप्प. मला तो गप्पपणा अजून आठवतो. भाषणाला उभा राहिलेल्या माणसासारखं वाटलं होतं मला.

रॉकेलचा वास आला. स्पष्ट.

"बापू," मी मोठ्यानं म्हटलं, "तुमच्या टेम्पोला डिझेल मिळतच न्हाई. रॉकेल मिळतंय. बॉनेट उघडं ठेवा, एक वात लावा आन् वर चहाचं पातेलं ठेवा. ह्या हॉटेलवाल्याला म्हणावं, आजपास्नं स्टोव्ह बंद!"

हॉटेलवाल्यानं गाळणीच खाली ठेवली हसताना. एकजण बाकावरून उठून टेम्पोजवळ आला आणि बॉनेटवर हात शेकल्यासारखं करायला लागला. रेशनचं रॉकेल टाकीत मिसळून तेवढं डिझेल बाहेर विकायचं, ही चोरी तेव्हा सगळ्यांना माहीत होती. मी 'चोर' हा शब्द वापरला नाही. ही माझी पुढची कित्येक वर्षांची पळवाट.

हसू ओसरल्यावर रमेश म्हणाला, "आप्पा, हात धुऊन परत एकदा बघा."

आवाज चढवला नव्हता त्यानं. एखादा पाना मागावा तसं म्हणाला.

"बघा बघा," मी हॉटेलकडे वळून म्हटलं, "सगळ्या तालुक्याचे पंप केले ह्या हातानं, आन् ह्यो मला हात धुवायला शिकवतोय!"

परत हसू. बापू मात्र हसत नव्हते. ते रमेशकडे बघत होते. जरा वेळानं त्यांनी हात पुढे केला. "चावी."

रमेशनं चावी दिली. केबिनमधून जेवणाचा डबा घेतला, काच पुसायचं फडकं घेतलं. डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती चिकटवलेली होती, ती त्यानं नखानं कड धरून हळूहळू सोडवली, मोडू नये म्हणून. त्याला बराच वेळ लागला. तोवर हसणं पूर्ण थांबलं होतं. मग तो स्टँडच्या दिशेनं चालत गेला. टाकीच्या तोंडाची जाळी तिथेच राहिली.

मी टाकी उपसली, फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढून सगळे बोल्ट आवळले, नवीन डिझेल भरलं. आवाज थांबला. थांबणारच, कारण बोल्ट आवळल्यावर ते म्हातारं वायसर थोडे दिवस दाबून बसलं. पण बापूंना आणि मला काय, रॉकेल काढलं आणि आवाज गेला. पुरावा झाला. रमेशची नोकरी त्याच दिवशी गेली.

दिवाळीनंतर टेम्पो परत आला. तोच आवाज. ड्रायव्हर आता बापूंचा सख्खा भाचा.

भाच्यावर रॉकेलचा आळ कोण घेणार? मी बोट बुडवलं नाही. मुकाट्यानं पाना घेतला आणि नट सैल केले, एक, दोन, तीन, चार. फरक नाही. कॅन टांगला. दुकानातल्या डिझेलवर पंप गप्प. टाकीतलं डिझेल भरलं, तरी गप्प. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळी जोडून बघितली, तर बुडबुड्यांची माळ चाललेली. मागे मागे जात फिल्टरपाशी पोचलो. बोल्ट काढला आणि वायसर तळहातावर घेतलं. केसाएवढी चीर. कड काळवंडलेली, मी तापवल्याची खूण.

भाचा म्हणाला, "एवढ्याशानं व्हय?"

"एवढ्याशानंच असतंय," मी म्हटलं आणि नवीन घातलं.

म्हणजे अर्ध्या तासाची जी रीत मी भाच्यासाठी केली, ती रमेशसाठी केली नव्हती. त्याच्यासाठी मी विनोद केला होता. तरी त्या दिवशी मी मनाची समजूत घातली. हवा होती हे खरं, चूक माझी हेही खरं, पण वास? वास तर आला होता ना! हवाही असेल आणि रॉकेलही असेल. माणूस स्वतःला सोडवायला लागला की किती हुशार होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जेवायला बसलो. शकुंतलानं पिठलं-भाकरी वाढली. पहिला घास तोंडाशी नेला आणि मी ओरडलो, "पिठल्याला रॉकेलचा वास मारतोय! भांडं नीट धुवत जा की!"

ती ताटातली भाकरी मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "गॅस येऊन किती वर्सं झाली आपल्याकडं? घरात रॉकेल हाय कुठं?"

"मग हा वास कसला?"

"बोटं हुंगा."

मी हुंगली.

"साबणानं घासून आलोय मी," मी म्हटलं.

"रोजच येता की. म्हणून काय जातोय व्हय तो? मुरलाय. लगीन झाल्यापास्नं जेवतीय मी ह्या वासाबरुबर. तुमाला आजच कळलं?"

मी उठून मोरीवर गेलो. राखेनं घासली बोटं, लिंबाच्या फोडीनं घासली. हुंगली, तर तोच वास. गुलाबपाण्यात बुडवून नाकाशी धरली असती, तरी गुलाबपाण्यात कुणीतरी रॉकेल मिसळलंय म्हणून मी शपथेवर सांगितलं असतं. हात धुऊन परत एकदा बघा, असं मला माझ्या धंद्यातलं काही न शिकलेल्या माणसानं सांगितलं होतं, आणि मी त्याच्यावर दहा-बारा माणसं हसवली होती.

शकुंतला मागे येऊन उभी राहिली. "काय झालं?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग जा की. चौफुल्याला उतरून खुटबाव काय लांब हाय? सांगा त्याला आन् बापूला."

मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. संक्रांत झाली, यात्रा झाली, पावसाळा झाला. बापूंना सांगितलं तर ते चार जणांत सांगतील, आणि 'आप्पाचा कान' म्हणून माझं जे नाव होतं ते जाईल, ही भीती. अधूनमधून दौंडकडचे ड्रायव्हर यायचे, त्यांच्याकडून कळायचं. रमेशला त्या भागात कुणी गाडी देत नव्हतं. केडगावच्या एका शाळेच्या बसवर त्याचं जमत आलं होतं, तिथेही कुणीतरी जाऊन सांगितलं. ड्रायव्हर लोक त्याला 'स्टोव्ह' म्हणायचे. ते नाव मी ठेवलं हे कुणाच्या लक्षातही नव्हतं, इतकं ते चाललं होतं. पुढे तो शिक्रापूरला खोली घेऊन एका कारखान्यात ठेकेदाराकडे माल चढवायच्या कामाला लागला. स्टिअरिंग सुटलं ते सुटलंच.

दोन वर्षांपूर्वी मी दुकान बंद केलं. आताच्या गाड्यांना वायर जोडली की दोष पडद्यावर लिहून येतो, कानाचं काम राहिलं नाही. घरी बसल्यावर एक गोष्ट झाली. सहा-सात महिन्यांत माझ्या बोटांचा वास गेला. एके सकाळी चहा पिताना नुसता चहाचाच वास आला आणि मी कपाकडे बघत बसलो. शकुंतला म्हणाली, "आता तरी जाताय का?"

गेलो. रविवार होता. रमेश खुटबावला घरीच होता. कारखान्याचं काम सुटलं होतं, गुडघे धरले होते. ओट्यावर बसून मुलीच्या सायकलचं पंक्चर काढत होता. मला बघून उठला. "या आप्पा," म्हणाला, जसं काही मी गेल्या आठवड्यातच भेटलो होतो. बायकोला चहा टाकायला सांगितलं.

बसमध्ये मी वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आलं नाही. "रमेशराव," मी म्हटलं, "त्या टाकीत रॉकेल नव्हतं. माझ्या हाताला होतं."

तो ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत होता. म्हणाला, "मला ठाऊक हाय की. तवाच ठाऊक व्हतं. म्हणून तर म्हणलो, हात धुवा."

"मग जोरात का बोलला नाहीस?"

"हासणाऱ्या माणसांपुढं काय जोरात बोलायचं आप्पा? आन् एक सांगू का? तेच तुम्ही बापूच्या भाच्याला म्हणला असता, तर लोक हासली असती, चहा पिऊन घरी गेली असती. माझ्या येळंला कुणी नुसतं हासून थांबलं न्हाई."

चहा आला. त्याच्या बायकोनं कप माझ्यापुढे ठेवला आणि आत न जाता दाराशीच उभी राहिली. "माफ करा" असं मी दोघांकडे बघून म्हटलं.

रमेश म्हणाला, "मला एकट्याला सांगून काय उपेग? ज्यांच्यापुढं बोललात, त्यांच्यापुढं बोला."

मी तिथूनच बापूंकडे गेलो. फुलांचा धंदा आता मुलगा बघतो, बापू बंगल्याच्या ओसरीत बसून असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वायसर, बोट, पिठलं, सगळं. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जाऊ द्या हो आप्पा. त्या टायमाला केलं नसंल त्यानं. पण कवा ना कवा केलंच असंल की." आणि मुलाला हाक मारून मला द्यायला दोन गड्ड्या शेवंती आणायला सांगितलं. मी ती फुलं घरापर्यंत घेऊन आलो. टाकून द्यायचंही सुचलं नाही.

मग शिरूरचं हॉटेल. त्या वेळच्या दहा-बारापैकी पाच-सहा माणसं अजून सकाळी तिथे येतात, हॉटेलवाला तोच आहे. मी उभा राहून सांगायला सुरुवात केली. पिठल्यापाशी आलो तर एकजण खो-खो हसला. "बोटं हुंगा!" दुसरा म्हणाला, "आरं, वहिनी म्हंजी मास्तरीणबाईंच्या वरताण!" मी म्हटलं, "अरे, ऐका, तो माणूस कामावरनं गेला." हॉटेलवाला डोळे पुसत म्हणाला, "आप्पा, लई दिवसांनी रंगवलंत बगा. चहा माझ्याकडनं."

चौतीस वर्षं मी ह्याच माणसांना शिकवलं होतं की आप्पा उभा राहून बोलायला लागला की हसायचं. ते शिकलेलं विसरले नव्हते.

मी रमेशला फोन केला, झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "लिवता येतं न्हवं तुम्हाला? मग लिवा. वाचताना माणूस एकलाच असतोय. एकला माणूस कमी हासतो."

"तुझं नाव बदलून लिहू?"

"बदलायचं असतं तर लिवायला कशाला सांगितलं असतं? नाव माझंच टाका. गावासकट. आन् आप्पा," तो थांबला, "शेवटाला गंमत करू नका."

वर मी बापूंचं आणि मास्तरांचं नाव टाकलेलं नाही. वर गंमतही बरीच केली आहे, हाताला वळण पडलंय. इथून पुढे नाही.

त्या दिवशी बापूंच्या टेम्पोच्या टाकीत डिझेल होतं. रॉकेल माझ्या बोटाला होतं. हवा माझ्या जुन्या वायसरमधून शिरत होती, आणि खुटबावचे रमेश साळवे यांनी ते मला बॉनेट उघडतानाच सांगितलं होतं. त्यांनी मला हात धुवायला सांगितले. मी धुतले नाहीत.